आपल्याच हृदयाचा ठोका आपल्याला कळतो का?

'अपने दिल की सुनो' हे वाक्य हिंदी लेखांत फार वेळा येते. अनुवादाला बसले की महिन्यातून दोन-चारदा तरी ते समोर येतेच. मराठीत त्यासाठी हृदय लिहावे, मन लिहावे, अंतःकरण लिहावे की काळीज, यावर अनुवाद-सेवेतल्या आम्हा मंडळींची बरीच चर्चा होते. (काळीज म्हणजे मुळात यकृत, हे कोणी सांगितले की ती आणखी लांबते.) शब्द कोणताही निवडला तरी आशय तोच राहतो : आत कोणीतरी आहे, ते बोलते, आणि ते खरे बोलते.

यातल्या तिसऱ्या भागाचा, म्हणजे 'ते खरे बोलते' याचा, आपण क्वचितच विचार करतो. आत्मा, परमात्मा, विवेक हे मोठे विषय आहेत आणि त्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. त्यामुळे जिथे मोजणी करता येते अशा सर्वांत साध्या ठिकाणाहून सुरुवात करते. छातीत, किंचित डावीकडे, मुठीएवढे जे हृदय आहे, त्याचे तरी आपल्याला नीट ऐकू येते का?

मराठी माणूस आपल्या भावना छातीतच मांडतो. छातीत धस्स होते, धडकी भरते, ऊर भरून येतो, धाकधूक होते, काळजाचा ठोका चुकतो. एवढे शब्द बाळगणाऱ्यांची आपल्या हृदयाशी घट्ट ओळख असेल असे वाटावे. पण हिशेब करून पाहा. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे १,००,८०० होतात. कालच्या दिवसातले किती जाणवले? बहुतेकांचे उत्तर 'एकही नाही' असेच असेल. जिना चढून आल्यावर, निकालाच्या आदल्या रात्री, डाव्या कुशीवर झोपल्यावर किंवा कान उशीत दाबला गेल्यावर थोडे जाणवतात, एवढेच. बाकीचा सगळा व्यवहार आपल्या नकळत चालतो, आणि तो तसा चालतो हे बरेच आहे. लाख ठोके जाणवत राहिले असते तर दुसरे काही करायला मन मोकळेच राहिले नसते.

जे जाणवते तेही जसेच्या तसे नसते. 'ठोका चुकला' हा आपला वाक्प्रचार घ्या. बहुतेक वेळा तेव्हा ठोका चुकलेला नसतो, तो वेळेआधी पडलेला असतो. आधी पडल्यामुळे हृदयात पुरेसे रक्त भरलेले नसते, म्हणून तो दुबळा पडतो आणि आपल्या लक्षात येत नाही. त्यानंतर थोडा लांब विराम येतो, तेवढ्या वेळात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरते, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो विराम आणि तो धक्का. एक ठोका जास्तीचा आला होता, आपण सांगतो एक कमी आला. खोटे कोणीच बोललेले नसते.

आणखी एक गंमत. ही जाणीव पूर्णपणे 'आतली' असते असेही नाही. मेंदूतील ज्या भागांना शरीराच्या आतल्या जाणिवांचे केंद्र मानले जाते, ते दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका रुग्णाचा अभ्यास अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झाला. हृदयाची गती वाढवणारे औषध दिल्यावर त्यालाही ठोके जाणवत होते. मग त्याच्या छातीच्या त्वचेवर बधिर करणारे मलम लावले, आणि ते जाणवेनासे झाले. म्हणजे हृदयाची वार्ता दोन वाटांनी येते : एक आतल्या मज्जातंतूंवरून, दुसरी चक्क कातडीवरून, दारावर बाहेरून थाप पडावी तशी. आपल्याला मात्र दोन्ही 'आतून' आल्यासारख्याच वाटतात.

आता मोजणीकडे येऊ. १९८१ मध्ये जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांनी एक सोपी चाचणी वापरली. माणसाला शांत बसवायचे, नाडीला हात लावू द्यायचा नाही, ठरावीक वेळात जाणवलेले ठोके मनातल्या मनात मोजायला सांगायचे, आणि यंत्राने मोजलेल्या ठोक्यांशी ती संख्या ताडून पाहायची. हे घरीही करता येते. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. दुसऱ्या कोणाला तरी घड्याळ लावून ४५ सेकंद मोजायला सांगा, ऑक्सिमीटरवरचा आकडाही त्यांनीच पाहावा. तुम्ही डोळे मिटून फक्त ठोके मोजा.

बहुतेकांची संख्या खऱ्यापेक्षा कमी येते. काहींची अगदी जवळ येते, आणि त्यांना वाटते, आपले आपल्या हृदयाकडे चांगले लक्ष आहे. इथेच खरी अडचण आहे. आपले ठोके मिनिटाला साधारण ७० असतात हे ज्याला माहीत आहे, तो एकही ठोका न जाणवता '५२' असे उत्तम उत्तर देऊ शकतो. सेकंद मोजत राहिला तरी उत्तर फार चुकत नाही. बेल्जियममधील संशोधकांनी २०१८ मध्ये हीच चाचणी घेताना सूचनेत थोडासा बदल केला : अंदाज करू नका, जो ठोका खरोखर जाणवला तोच मोजा. लोक तेच होते, पण त्यांचे गुण बरेच खाली आले. आधीच्या संख्येतला मोठा भाग अनुभवाचा नव्हताच. अंदाज अनुभवाचे कपडे घालून बसला होता.

लेखाशास्त्रात याला जागा आहे, म्हणून मला हा प्रयोग विशेष आवडतो. एखाद्या ग्राहकाकडून येणे असलेले पैसे बुडतील असे वाटले तर व्यापारी बुडीत कर्जाची तरतूद करतो. ती तरतूद म्हणजे अंदाजच असतो, आणि तो करण्यात गैर काही नाही. तो न करणारा व्यापारी उलट बेजबाबदार ठरतो. पण तरतूद तरतुदीच्याच खात्यात लिहावी लागते. ती रोकड म्हणून रोजकीर्दीत लिहिली की वही खोटी होते, आकडा पुढे बरोबर निघाला तरीसुद्धा. ५२ हे उत्तर बरोबर असूनही 'मला ५२ ठोके जाणवले' हे विधान खोटे असू शकते.

हा भेद आपल्याकडे नवा नाही. पतंजलींनी समाधिपादात प्रमाणे सांगितली ती तीन : प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. तिन्ही ग्राह्य आहेत, पण तिघांची नावे वेगळी ठेवली आहेत. लगेच पुढे विपर्यय येतो, म्हणजे वस्तू जशी नाही तसे तिचे ज्ञान होणे. साधकाला आपल्या चित्तात काय चालले आहे ते पाहायचे असेल, तर समोरची वृत्ती यांपैकी कोणती हे आधी ओळखावे लागते. ही ओळख किती अवघड आहे हे मला तरी ठोके मोजताना जेवढे कळले तेवढे ग्रंथ वाचून कळले नव्हते. तेविसावा ठोका जाणवला, की बाविसाव्यानंतर येणारच म्हणून मोजला? बारकाईने पाहिले तरी सीमारेषा धूसरच राहते.

बाहेरून कोणी सांगितले तर प्रकरण आणखी पुढे जाते. अमेरिकेतील स्टुअर्ट वॅलिन्स यांनी १९६६ मध्ये काही तरुणांना स्त्रियांची छायाचित्रे दाखवली आणि सोबत ठोक्यांचे आवाज ऐकवले. 'हे तुमच्याच हृदयाचे ठोके आहेत' असे सांगितले होते. आवाज प्रत्यक्षात आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. ज्या चित्रांच्या वेळी आवाजाची गती बदलली, ती चित्रे त्या तरुणांना अधिक आकर्षक वाटली. हृदय आपल्या गतीने चालले होते. 'माझे हृदय धडधडले' एवढी बातमी पसंती बदलायला पुरली. आज मनगटावरच्या घड्याळात आकडा पाहून 'अरे, मला ताण आलेला दिसतो' असे म्हणणारे मित्र माझ्या वर्गात आहेत. घड्याळाचा आकडा बहुधा खरा असतो, हा फरक मोठा आहे. पण आकडा पाहण्यापूर्वी ते खुशाल चहा पीत होते, हेही तितकेच खरे.

आता हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे असे कोणी म्हणेल. माझे आजोबा वडोदऱ्याला असतात. वय ७६, मधुमेह वीस वर्षांचा. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना घाम येऊ लागला आणि दम लागू लागला. डॉक्टरांकडे चला म्हटले की ते म्हणत, "अगं, माझं शरीर मला कळत नाही का? छातीत दुखलं असतं तर मीच सांगितलं असतं." अखेर बाबांनी हट्टाने नेले. ईसीजीत आणि नंतर इकोत दिसले की पूर्वी कधीतरी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. कधी, ते कोणालाच सांगता येईना. खुद्द आजोबांना तर नाहीच. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू क्षीण होतात, हृदयाकडून वेदनेचा निरोप आणणारेसुद्धा. झटका आला होता, निरोप निघालाच नव्हता. निरोप आला नाही याचा अर्थ आजोबांनी 'सर्व क्षेम' असा लावला, आणि तो लावताना ते शंभर टक्के प्रामाणिक होते.

याच्या उलटही घडते. छाती इतकी धडधडते की आता काही खरे नाही असे वाटते, घरचे धावत रुग्णालयात नेतात, आणि हृदय ठणठणीत निघते. ती भीती खोटी नसते. पण भीती ज्या गोष्टीची साक्ष देत होती ती गोष्ट घडलेली नसते. (म्हणून अशा वेळी 'नुसती घाबरली असेल' असे घरच्या घरी ठरवू नये. तोही अंदाजच.)

ध्यान करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात कधीचा आला असेल. रोज डोळे मिटून आत पाहणाऱ्यांना तरी हृदय अधिक स्पष्ट कळत असेल ना? साहिब खालसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमके हेच तपासले. तिबेटी बौद्ध परंपरेतील आणि कुंडलिनी साधनेतील अनुभवी ध्यानी एका बाजूला, ध्यान न करणारे दुसऱ्या बाजूला. शांत बसलेले असताना ठोके ओळखण्यात ध्यानी लोक सरस ठरले नाहीत. फरक दुसरीकडे होता. आपल्याला चाचणी चांगली जमली असे मात्र ध्यानी लोकांना इतरांपेक्षा जास्त वाटत होते.

हे वाचून मला पहिल्यांदा थोडे वाईट वाटले, मग बरे वाटले. वाईट का, ते सांगायला नको. बरे यासाठी, की या निष्कर्षाने ध्यानाची किंमत कमी होत नाही. ध्यानाने चित्त शांत होते की नाही, राग कमी होतो की नाही, हे या चाचणीने मोजलेच नव्हते. तिने एवढेच दाखवले की साधनेसोबत स्वतःविषयीची खात्रीही वाढू शकते, आणि ती ज्ञानाइतकीच वाढेल याची हमी नाही. ज्याला आपली साधना प्रिय आहे त्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याच देशातील एक जुनी तपासणी इथे आठवते. श्वास रोखून हृदय थांबवण्याची सिद्धी असल्याचे सांगणारे योगी पूर्वी प्रसिद्ध होते. एम. ए. वेंगर आणि बी. के. बागची हे अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांनी हृदयावर ताबा असल्याचे सांगणाऱ्या चार योगाभ्यासींची यंत्रे लावून तपासणी केली आणि १९६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिघांनी श्वास कोंडून, कंठ बंद करून, छाती आणि पोटाचे स्नायू जोरात आवळले. त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त अडले. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली, नळीतून ठोके ऐकू येईनासे झाले. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय चालूच होते. चौथ्याने वेगळ्या पद्धतीने आपल्या हृदयाची गती खरोखर बरीच कमी करून दाखवली. (घरी कोणी हे करून पाहू नये.)

अशी तपासणी म्हणजे अश्रद्धा असे मला वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले तेच मुळी योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून. आणि त्या तिघांना लबाड म्हणायलाही माझे मन धजत नाही. त्यांच्या बोटांनाही नाडी लागत नसणार. आत शांतता जाणवत असणार. शेजारी बसलेल्या डॉक्टरच्या कानालाही तेच सांगत होते. सगळे साक्षीदार सच्चे, आणि साक्ष चुकीची.

म्हणून मूळ प्रश्न असा उरतो : जे मला आतून मनापासून जाणवले ते मी सांगितले, एवढ्याने मी सत्य बोलले असे होते का?

मराठीत 'मला वाटते' या दोन शब्दांत किती गोष्टी राहतात पाहा. मला भीती वाटते, मला थंडी वाटते, मला वाटते तो येणार नाही, मला वाटते त्यानेच केले. जाणीव, मत, अंदाज आणि आरोप सगळे एकाच घरात. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी मला कोणी खोडून काढू शकत नाही. मला भीती वाटते आहे तर वाटते आहे, तिथे मीच साक्षी आणि मीच न्यायाधीश. ध्यानात शांती लाभली असे कोणी म्हटले तर त्याच्याकडे पुरावा मागणे हा उद्धटपणा होईल. पण 'छातीत धडधडल्यासारखे वाटते' याच्यापुढे 'माझे हृदय जोरात चालले आहे' ही पायरी आहे, आणि ती चुकू शकते. त्याच्यापुढे 'म्हणजे हा माणूस बरा नाही' ही पायरी, तिथे तर चुकण्याला सीमाच नाही. अडचण अशी की तिन्ही पायऱ्या एका उडीत चढल्या जातात, आणि पहिल्या पायरीची खात्री आपण तिसऱ्या पायरीवर घेऊन जातो.

एका उत्सवात पुस्तकांच्या स्टॉलचा हिशेब माझ्याकडे होता. रात्री गल्ला मोजला तर ६४० रुपये कमी. स्टॉलवर दिवसभर आळीपाळीने सहाजण होते, त्यांतला एक मुलगा नवीन. एक ज्येष्ठ सेवेकरी, ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे, हळू आवाजात म्हणाले, "मी काही बोलत नाही, पण तो आला तेव्हाच मला आत कसंतरी झालं होतं." एवढेच. नाव घेतले नाही, आरोप केला नाही. पण ते वाक्य तासाभरात सगळ्यांपर्यंत पोचले, आणि आपल्याकडे 'आत कसंतरी झालं' याला जे वजन आहे त्यामुळे कोणी उलट विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावतीपुस्तक आणि मालाचा साठा ताडून पाहिला. दुपारी पिशव्या संपल्या म्हणून जवळच्या दुकानातून ६४० रुपयांच्या आणल्या होत्या. बिल पुस्तकांच्या खोक्यात पडले होते, आणि खर्च लिहायचा राहिला होता.

आत कसेतरी झाले हे खरेच असेल. कदाचित त्यांचे पोट बिघडले असेल, कदाचित दिवसभर उभे राहून दमले असतील, कदाचित अनोळखी माणूस पाहिला की त्यांना तसे होत असेल. शरीर बोलते यात शंका नाही. ते फार थोड्या शब्दांत बोलते, आणि वाक्य आपण पुरे करतो. त्या मुलाला कोणी स्पष्ट काहीच म्हणाले नव्हते, त्यामुळे स्पष्ट क्षमाही कोणी मागू शकले नाही. तो पुढच्या रविवारी आला नाही. फोन केला तर म्हणाला, परीक्षा आहे. होतीही, आमच्या सगळ्यांचीच होती.

काही साधक विचारतील, मग आतल्या आवाजाकडे लक्ष द्यायचेच नाही का? द्यायचे, पण पासबुक जवळ ठेवून. रोजकीर्दीत बँकेची शिल्लक एक दिसते, पासबुकात दुसरी, तेव्हा कोणी रोजकीर्द फाडून टाकत नाही. दोन्ही समोर ठेवून फरक कुठे पडला ते शोधायचे असते, आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी त्याचे ताळमेळ पत्रक शिकवतात. फरक सापडतो तेव्हा अनेकदा दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात, एका ठिकाणची नोंद दुसरीकडे अजून पोचलेली नसते एवढेच. हृदयाच्या बाबतीत पासबुक म्हणजे यंत्र, नाडीवरची दुसऱ्याची बोटे. माणसांबद्दलच्या जाणिवांच्या बाबतीत पासबुक म्हणजे तो माणूस स्वतः. त्याला विचारता येते. त्या रात्री आमच्यापैकी कोणीच त्या मुलाला विचारले नाही, "दुपारी काही खरेदी झाली होती का रे?" त्याला माहीत होते. पिशव्या आणायला तोच गेला होता.

आजोबांनी आता एक वही केली आहे. डॉक्टरांनी रोज नाडी आणि रक्तदाब लिहायला सांगितले, तर त्यांनी स्वतःहून डावीकडे आणखी एक रकाना आखला. मापण्याच्या आधी त्यात 'काय वाटते' ते लिहायचे, मग यंत्र लावायचे. दिवाळीत गेले तेव्हा मी ती वही पाहिली. 'छान. ताजेतवाने.' पुढे नाडी ९६. 'धडधड आहे.' पुढे ७४. 'काही विशेष नाही.' पुढे ७२, आणि शेजारी लाल पेनाने बरोबरची खूण. ऑक्टोबरच्या पानावर अशा खुणा नऊ होत्या.